‘दोन मिनिटं आहेत का?’ : कामात गढलेल्या सहकाऱ्याकडून मदत कशी घ्यावी

या वेळी निवडलेल्या पत्रांत गावं वेगळी आहेत, कामंही वेगळी आहेत, पण अडचण एकच. ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस कामात बुडालेला असतो आणि त्याच्यावाचून आपलं काम पुढे सरकत नाही. ‘नम्रपणे विचारा’ एवढं सांगून कुणाचं अडलेलं काम सुटत नाही, म्हणून प्रत्येक उत्तर त्या त्या कामाच्या तपशिलात शिरून दिलं आहे.

प्रश्न : इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्याकडे लेखा सहायक म्हणून लागून मला चार महिने झाले. खरेदीची बिलं जीएसटीच्या टूबीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या मासिक यादीशी, जुळवायचं काम माझ्याकडे आहे. जुळत नाही ते मुख्य अकाउंटंट सरांना विचारायला गेले की ‘आत्ता नको, नंतर’ म्हणतात. नंतर जाईपर्यंत तारीख जवळ आलेली असते, मग ‘आधी का नाही सांगितलं?’ म्हणून ओरडतात. नेमकं कधी विचारू?

उत्तर : सरांचा महिना एकदा कॅलेंडरवर मांडून बघा. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्रीबी (कर भरण्याचं विवरणपत्र). टूबी तयार होते १४ तारखेला. म्हणजे तुमच्या शंका निघतात १४ नंतर, आणि त्यांची सगळ्यात मोठी धांदल असते १४ ते २०. ही वेळ टाळता येणार नाही. त्यामुळे त्या सहा दिवसांत त्यांच्याकडे किती वेळा जायचं आणि काय घेऊन जायचं, हे ठरवावं लागेल. एकेक बिल हातात धरून दिवसातून सहा वेळा टेबलाशी उभं राहिलं तर कुणीही वैतागेल. एकदाच जा, एकच कागद घेऊन.

तो कागद असा तयार होतो. १५ ला सकाळी टूबीची एक्सेल उतरवून घ्या. जुळवणीआधी दोन्हीकडचे बिल नंबर एकसारखे करा. पुरवठादाराने ‘०२३/२४-२५’ लिहिलेलं असतं आणि आपल्या टॅलीत नुसतं ‘२३’ पडलेलं असतं. एक्सेल तर सुरुवातीची शून्यं परस्पर खाऊन टाकतं. न जुळलेल्यांतली बरीचशी बिलं एवढ्याने जुळतात. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंड ऑफचा असतो, तो वेगळा काढा.

मग उरलेल्यांची कारणं शोधा. पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा असेल आणि दरमहा बिलं चढवायची ऐच्छिक सोय त्याने वापरली नसेल, तर त्याचं एप्रिलचं बिल थेट जूनच्या टूबीत, म्हणजे १४ जुलैला दिसेल. तिथे सरांना विचारण्यासारखं काही नाही, वाट बघायची. महिनावाल्याने ११ नंतर भरलं असेल तर बिल पुढच्या महिन्यात येईल. त्याने आपला जीएसटी नंबर चुकवला असेल किंवा बिल किरकोळ ग्राहकाच्या रकान्यात टाकलं असेल, तर मात्र दुरुस्ती त्यालाच करावी लागते, आणि त्याला फोन तुम्ही स्वतः करू शकता. साहेब गोव्याला गेले होते त्या हॉटेलचं बिल टूबीत ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात दिसेल. (क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट.) ते बरोबर आहे, कारण त्या बिलावर गोव्याचा राज्य जीएसटी लागलेला असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही.

एवढं करून हातात मोजकीच बिलं उरतील, ज्यांचं कारण तुम्हाला खरोखर कळलेलं नाही. त्यांचा तक्ता करा : पुरवठादार, बिल नंबर, तारीख, आपल्याकडचा कर, टूबीतला कर, फरक, आणि शेवटचा रकाना ‘माझ्या मते’. या शेवटच्या रकान्यात ‘या महिन्यात क्रेडिट सोडावं’, ‘डेबिट नोट राहिली असावी’ असं काहीतरी लिहाच. चुकलं तरी चालेल. ‘हे काय आहे?’ याचं उत्तर द्यायला सरांना पहिल्यापासून विचार करावा लागतो. ‘हे सोडू का?’ याला ते मान हलवून उत्तर देऊ शकतात. १६ तारखेच्या आत हा कागद त्यांच्यापुढे गेला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून टूबीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे राहिलेल्या प्रत्येक बिलामागे मालकाचे रोख पैसे जातात. पुरवठादाराच्या मागे लागायला चार दिवस तरी हाताशी हवेत.

‘असं का करतात?’, ‘हा नियम कुठून आला?’ हे प्रश्न वेगळ्या वहीत लिहून ठेवा आणि २२ ते २८ च्या दरम्यान विचारा. त्या दिवसांत तेच सर शांतपणे अर्धा तास देतील. मागच्या आर्थिक वर्षातलं राहिलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरनंतर मिळत नाही, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्या दिवसापासूनच मिळत नाही. ती जुनी यादी सप्टेंबरमध्येच दाखवा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दाखवलीत तर त्यांचं ओरडणं रास्त ठरेल.

प्रश्न : भोसरीत सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) लाइनवर ट्रेनी ऑपरेटर आहे. अकरा मशीन आणि त्यांचं सेटिंग करणारा सेटर एकच. माप बाहेर जायला लागलं की मी त्याला हाक मारतो, तो दुसऱ्या सेटिंगमध्ये असतो. थांबलो तर प्रॉडक्शन पडतं, चालू ठेवलं तर रिजेक्शन. हाक मारली तर म्हणतो, ‘नुसतं माप हलतंय म्हणून सांगू नकोस.’ मग काय सांगायचं?

उत्तर : त्याला हवी आहेत सलग पाच जॉबची, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागांची, मापं. एका जॉबवरून अनुभवी सेटरही काही सांगू शकत नाही. मशीनपाशी आला की तो आधी तेच करतो, चार-पाच जॉब मोजतो. ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर तो आल्या आल्या कामाला लागतो.

समजा बोअर, म्हणजे जॉबमधलं गोल भोक, ३२ एच-७ आहे, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५. एकूण मोकळीक २५ मायक्रॉनची. मोजण्याआधी बोअर गेज मास्टर रिंगवर लावून शून्य तपासा. जॉब पुसून घ्या, कडेची बर काढा आणि गार होऊ द्या. स्टीलचा जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ३२ मिलिमीटरचा बोअर सुमारे ७ मायक्रॉनने मोठा दिसतो. २५ पैकी ७ अशीच गेली तर तुम्ही चांगल्या जॉबला बाद ठरवाल किंवा नको तो ऑफसेट (कंट्रोलवर टाकायची टूलच्या जागेची दुरुस्ती) द्याल. हा घोटाळा फार ठिकाणी होतो आणि त्याचं खापर मशीनवर फुटतं.

आता पाच आकडे बघा. ३२.०१२, ३२.०११, ३२.००९, ३२.००६, ३२.००३ असे एका दिशेने उतरत असतील तर इन्सर्ट, म्हणजे टूलवरची धारेची बदलता येणारी टिकली, झिजतोय. झीज झाली की बोअर लहान होत जातो. ३२.००४, ३२.०२१, ३२.००८, ३२.०२४ असे उड्या मारत असतील तर ऑफसेट देऊन काहीही होणार नाही. जॉ (चकचे जबडे) किंवा स्टॉपरवर चिप अडकली आहे का, चक प्रेशर पडलंय का, इन्सर्टचा स्क्रू ढिला आहे का, बोरिंग बार जास्त बाहेर काढलाय का, हे बघायचं. सकाळी पहिल्या तासात माप सरकतं आणि नंतर स्थिर होतं, तर मशीन गरम व्हायच्या आधीच काम सुरू झालंय.

एक गोष्ट अशी आहे जी साध्या दोन टोकांच्या बोअर गेजने कळतच नाही. पातळ भिंतीचा जॉब तीन जॉमध्ये जास्त दाबाने धरला तर सुटल्यावर बोअर तीन फुगवट्यांचा होतो. दोन टोकांचं गेज कुठेही फिरवा, माप जवळजवळ सारखंच दाखवतं, आणि असेंब्लीवाले मात्र शाफ्ट जात नाही म्हणून जॉब परत पाठवतात. माप बरोबर आणि तक्रार चालूच, असं झालं की क्वालिटीकडून तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर मागून घ्या आणि ते माप सेटरला सांगा.

एवढं हाताशी असलं की हाक अशी मारता येते : ‘दादा, चार नंबर मशीन, ओपी-२०, बोअर. पाच जॉबमध्ये बारावरून तीनवर आलाय. या कोपऱ्याने १८० जॉब झालेत. कोपरा बदलू का?’ (कोपरा म्हणजे इन्सर्टची वापरात असलेली धार, ओपी-२० म्हणजे त्या जॉबवरच्या कामाच्या टप्प्याचा नंबर.) यंत्रांच्या आवाजात, लांबूनसुद्धा, त्याला निर्णय घेता येईल. बहुतेक वेळा तो नुसता ‘हो’ म्हणेल आणि जागेवरून हलणारही नाही.

याहून मोठी सोय एकदाच बसून करून घ्यायची आहे. शिफ्ट सुरू होण्याआधी त्याला विचारा, ‘दादा, मला स्वतःहून किती मायक्रॉनपर्यंत ऑफसेट द्यायची परवानगी आहे?’ तो दहा म्हणाला, पाच म्हणाला किंवा अजिबात नको म्हणाला, तरी हद्द ठरली. सुपरवायझरसमोर ठरवा आणि मशीनवरच्या शीटवर लिहून ठेवा. परवानगी मिळाली तर दोन चुका सांभाळा. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो, ‘प्लस इनपुट’ दाबलं तर जुन्यात मिळवला जातो. ०.०१० मिळवायचे असताना चुकून ‘इनपुट’ दाबलं तर आधीची सगळी दुरुस्ती गेली. दुसरी चूक दशांश चिन्हाची. चिन्ह न देता १० टाकले तर कंट्रोलच्या सेटिंगप्रमाणे त्याचा अर्थ १० मायक्रॉन होऊ शकतो किंवा १० मिलिमीटर. दुसऱ्या अर्थाने घेतलं तर टूल जॉबवर आदळतं. नेहमी ०.०१० असंच पूर्ण टाका, आणि बदलल्यानंतरचा पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लावू नका.

टूल तुटलं, स्पिंडलचा आवाज बदलला, लोड मीटर अचानक चढला, चक प्रेशर उतरलं, तर पाच मापांची वाट बघायची नाही. मशीन थांबवा आणि सेटर कितीही कामात असला तरी बोलवा. अशा वेळी हाक मारल्याबद्दल कुणी रागावलं तर सुपरवायझरकडे जा. शंका असलेले जॉब लाल टॅग लावून वेगळे ठेवा, चांगल्यांत मिसळले तर पूर्ण ट्रे तपासावा लागेल. आणि सेटर जाताना त्याने काय केलं ते विचारून लॉगबुकात एक ओळ लिहा. तीच तक्रार पुढच्या आठवड्यात आली की ती ओळ तुम्हाला वाचवेल.

प्रश्न : सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्री ड्युटी डॉक्टरांना फोन करायचा म्हणजे धास्ती वाटते. झोपेतून उठवलं म्हणून चिडतात. पेशंट बरा वाटत नाहीये एवढंच तोंडातून निघतं आणि ‘बघतो’ म्हणून फोन ठेवतात.

उत्तर : फोन उचलण्याआधी दोन मिनिटं बेडपाशी जा आणि आकडे लिहून घ्या : नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन, ताप, शुद्ध, लघवीचं प्रमाण, ड्रेन असेल तर त्यात काय आणि किती. केस पेपर आणि औषधांचा तक्ता हातात घेऊनच फोन लावा. मग चार टप्प्यांत बोला : आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि कशासाठी आहे, तुम्हाला काय वाटतंय, तुम्हाला काय हवंय. ही मांडणी एसबीएआर नावाने रुग्णालयांत शिकवली जाते. मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची.

‘डॉक्टर, सर्जिकल वॉर्डातून स्टाफ बोलतेय. बेड सात, बीपी ९४/६० वर आलंय, दहा वाजता १२०/८० होतं. नाडी ८८ वरून ११८. काल पोटाचं ऑपरेशन झालेला ६० किलोचा पेशंट आहे. गेल्या चार तासांत लघवी फक्त ४० मिली. आतून रक्तस्राव किंवा पाणी कमी पडतंय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. येईपर्यंत काय सुरू करू?’ याला अर्धं मिनिट पुरतं. लघवी ताशी निदान अर्धा मिली दर किलोला, म्हणजे या पेशंटला चार तासांत १२० मिली तरी व्हायला हवी होती. असा आकडा कानावर पडला की डॉक्टरांची झोप आपोआप उडते. ‘बरा वाटत नाहीये’ ने उडत नाही.

शेवटचं ‘येऊन बघायला हवं’ हे वाक्य बऱ्याच सिस्टर गिळून टाकतात, डॉक्टरांना आपण कसं सांगायचं म्हणून. ते म्हणायचंच. फोनवर औषध सांगितलं तर नाव, मात्रा आणि मार्ग लिहून घ्या, मोठ्याने वाचून दाखवा, ‘बरोबर?’ विचारा, नंतर सही घ्या. कितीला फोन केला, काय सांगितलं, काय उत्तर मिळालं, हे नर्सिंग नोंदीत वेळेसह लिहा. सांगूनही कुणी आलं नाही तर पुढचा फोन कुणाला करायचा, रजिस्ट्रार की कन्सल्टंट, आणि किती मिनिटांनी, हे नाइट ड्युटी सुरू होण्याआधी इन्चार्ज सिस्टरांकडून लिहून घ्या. पेशंट खालावत असताना कुणाच्या रागाची भीती बाळगायला वेळ नसतो.

प्रश्न : हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ज्यांना विचारायचं ते सीनियर न्यू जर्सीत. मी संध्याकाळी ‘हाय’ पाठवतो, ते त्यांच्या दुपारी ‘येस?’ म्हणतात, तोवर मी झोपलेलो. एका शंकेला तीन दिवस जातात.

उत्तर : ‘हाय’ पाठवणं बंद करा. नमस्कार आणि पूर्ण प्रश्न एकाच निरोपात जाऊ द्या, म्हणजे ते उठतील तेव्हा उत्तर देण्यासारखं काहीतरी समोर असेल. त्यात एवढं हवं : तुम्हाला शेवटी काय साधायचंय, काय चालवलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, एररचा पूर्ण मजकूर, कोणती ब्रँच आणि कोणतं एन्व्हायर्नमेंट, आतापर्यंत काय काय करून पाहिलं, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. एरर मजकूर म्हणूनच चिकटवा. स्क्रीनशॉटमधला मजकूर त्यांना शोधताही येत नाही आणि कॉपीही करता येत नाही. लॉगमध्ये पासवर्ड, टोकन किंवा ग्राहकाची माहिती राहिली नाही ना, हे पाठवण्याआधी पाहा.

‘शेवटी काय साधायचंय’ हे पहिलं का, तर आपण अनेकदा मूळ अडचण न सांगता आपल्याच अर्धवट उपायाबद्दल विचारत बसतो. ‘फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढू?’ असा प्रश्न येतो, आणि माणसाला हवा असतो फाइलचा प्रकार. त्याचं एक्स्टेन्शन चार अक्षरी असलं की तो उपाय कोसळतो. सीनियरनी विचारलेल्याचं चोख उत्तर दिलं तरी काम होत नाही.

वेळेचंही गणित करा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, उरलेल्या काळात साडेदहा तास. उन्हाळ्यात तुमच्या साडेसहाला तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात तेव्हा आठच. निरोप त्याआधी पोचलेला ठेवा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ पंधरा मिनिटांचा कॉल ठरवून घ्या. शंका व्यक्तिगत चॅटऐवजी टीमच्या चॅनेलवर टाकली तर पुण्यातच बसलेला एखादा सहकारी सकाळी उत्तर देऊन जाईल.

स्वतः किती वेळ झगडायचं, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. नवीन काहीच हाती लागत नाही असा अर्धा तास गेला की प्रश्न लिहायला बसा. लिहितानाच उत्तर सापडणं नेहमीचं आहे, तेव्हा लिहिण्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

प्रश्न : उत्तर आलं नाही तर पुन्हा आठवण कितीदा करावी? मागे लागल्यासारखं वाटतं. (बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या निरोपातच ‘गुरुवारी दुपारपर्यंत कळलं तर मी शुक्रवारी पुढे पाठवीन’ असं लिहिलं असेल तर गुरुवारी सकाळी आठवण करणं कुणालाच खटकत नाही. आठवण करताना ‘वरचं बघितलं का?’ असं लिहू नका, प्रश्न एका ओळीत पुन्हा लिहा, म्हणजे त्यांना वर शोधावं लागणार नाही. दुसऱ्या आठवणीला निरोपाऐवजी समोर जा किंवा फोन करा. त्यानंतर ‘तुम्हाला जमणार नसेल तर कुणाला विचारू?’ असं सरळ विचारा. अनेकदा माणूस नाही म्हणायला संकोचत असतो, या प्रश्नाने त्याचीही सुटका होते. वरिष्ठांना परस्पर सीसी मात्र आधी सांगितल्याशिवाय करू नका.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात अनुकंपावर जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. प्रशिक्षण अजून झालेलं नाही. टेबलावर वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नस्त्या (फायली) आहेत. शेजारचे वरिष्ठ सहायक भाऊसाहेब जाणकार आहेत, पण त्यांच्याकडे दोन टेबलांचा चार्ज आहे. प्रत्येक नस्तीला त्यांना विचारायची लाज वाटते आणि नस्त्या साठत चालल्यात.

उत्तर : लाज बाजूला ठेवा, कारण नस्ती साठवणं जास्त महाग पडेल. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस. ‘मला समजलं नव्हतं’ हे उत्तर खुलाशात चालत नाही.

भाऊसाहेबांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा : याच प्रकारची, मंजूर होऊन देयक निघालेली एक जुनी नस्ती. ती मागायला अर्धं मिनिट लागतं आणि ती तुम्हाला महिनाभर शिकवते. टिप्पणीतले परिच्छेद कोणत्या क्रमाने आहेत, कोणत्या शासन निर्णयाचा आधार घेतलाय, कागद कोणत्या क्रमाने लावलेत, कुणाची पडताळणी आहे, वरिष्ठांनी कुठे शेरा मारून नस्ती परत पाठवली होती, हे वहीत उतरवा. परतीचे शेरे सगळ्यात नीट वाचा. पुढची नस्तीही त्याच कारणांनी परत येत असते.

मग तुमच्या नस्तीची कच्ची टिप्पणी पेन्सिलने किंवा संगणकावर स्वतः लिहा. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख किंवा सांकेतांक टाकून शोधता येतो. जुन्या नस्तीतला निर्णय जसाच्या तसा उचलू नका. नंतर तो अधिक्रमित झालाय का, म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय का, शुद्धिपत्रक निघालंय का, ते बघा. नवख्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक ही आहे. ज्या पानांवर अडलंय तिथे पताका (खुणेची चिठ्ठी) लावा आणि समासात प्रश्न लिहा.

आता भाऊसाहेबांना सांगा : ‘भाऊसाहेब, तीन नस्त्यांच्या कच्च्या टिप्पण्या केल्यात, चार ठिकाणी पताका लावल्यात. दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं बघाल का?’ त्यांना लिहायचं नाही, फक्त खूण करायची आहे. सकाळी आल्या आल्या टपाल फुटत असताना, बैठकीच्या दिवशी आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात कोषागारात देयकं जात असताना जाऊ नका. पंधरा-वीस नस्त्यांनंतर पताका कमी होतील. त्यांच्या दोन टेबलांच्या चार्जमधलं बेरजा तपासण्याचं, झेरॉक्सचे संच लावण्याचं, आवक-जावक नोंदींचं एखादं काम आपणहून उचला. ते तोंडाने म्हणणार नाहीत, पण त्यांना त्याची गरज आहे.

प्रश्न : माझं उलट आहे. नाशिकच्या कारखान्यात खरेदी विभागात चौदा वर्षं झाली. दिवसभर सगळे मलाच विचारायला येतात. नाही म्हणवत नाही आणि माझं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं.

उत्तर : आठवडाभर प्रत्येक प्रश्नाची नोंद करा : कुणी, काय, किती वेळ. यादीत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतील, बहुधा नवीन व्हेंडर कोड कसा उघडायचा, दरकरार संपला असेल तर काय, माल कमी आला तर नोंद कशी, अशा धर्तीचे. त्यांतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रश्नाचं उत्तर एका पानात, स्क्रीनच्या चित्रांसह लिहून सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. आठवड्याला एक पान पुरे. पुढे कुणी विचारलं की पान द्या, आणि त्यातलं काही कळलं नाही तर ती ओळ दुरुस्त करा.

तातडीचं नसेल ते दुपारी चार ते साडेचार, असं जाहीर करून टाका आणि त्या अर्ध्या तासात खरोखर मोकळ्या राहा. पहिले चार दिवस त्या वेळी दुसरं काम काढून बसलात तर पाचव्या दिवसापासून लोक पुन्हा सकाळी येतील. लाइन थांबली, ट्रक गेटवर उभा आहे, अशा दोन-तीन गोष्टी अपवाद म्हणून नावानिशी सांगा. कुणी प्रश्न घेऊन आलं की ‘तुला काय वाटतं?’ असं आधी विचारा, पण परीक्षा घेतल्यासारखं नाही. त्याचा अंदाज बरोबर असेल तर ‘हो, कर’ म्हणा. असं तीनदा झालं की चौथ्यांदा तो बहुधा न विचारताच करेल.

हे सगळं करण्याआधी आठवड्याची ती नोंद तुमच्या व्यवस्थापकांना दाखवा. रोज दोन तास शिकवण्यात जात असतील तर ते काम म्हणून धरलं गेलं पाहिजे, आणि तुमच्या टेबलावरच्या किती पर्चेस ऑर्डर दुसऱ्याकडे द्यायच्या हे त्यांनी ठरवायचं आहे.